गोळ्या का थांबवल्या, असे विचारता म्हणून

"मुलीच्या गोळ्या मध्येच का थांबवल्या?" हे नणंदेपासून क्लासच्या दारात भेटणाऱ्या आयांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे. त्याआधी याच मंडळींनी "लग्नाआधीच गर्भनिरोधक गोळ्या कशाला?" असेही विचारले होते. त्याचे उत्तर मला तोंडपाठ होते: पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकारात, पाळी अनियमित असली, चेहऱ्यावर केस येऊ लागले, की डॉक्टर याच गोळ्या देतात, एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचे. थांबवण्याचे उत्तर इतके सरळ नाही.

तिसरे पाकीट चालू होते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून मटार सोलत होती, आणि दाणे केराच्या टोपलीत व सालपटे पातेल्यात टाकत होती. मी ओरडले. "आई, मी रडत नाहीये, पाणी आपोआप येतंय," एवढेच ती म्हणाली. "बारावीला सगळ्यांनाच टेन्शन असतं, नाटकं करू नकोस," असे मी म्हटले आणि नऊ वाजता समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावली. मध्यरात्री ती उशाशी येऊन म्हणाली की, महिनाभर सकाळी उठावेसेच वाटत नाही. याचा अर्थ काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता मी पाकीट कपाटात टाकले.

त्यावर डॉक्टर रागावल्या, ते योग्यच होते. मात्र गोळ्या सुरू करताना तिच्या मनाविषयी कुणीही विचारले नव्हते, आणि पीसीओएस असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये नैराश्य व चिंता तपासावी, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. २०१६ च्या डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासात, संयुक्त, म्हणजे दोन संप्रेरके असलेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींना नैराश्यावरची औषधे पहिल्यांदा लागण्याचे प्रमाण गोळ्या न घेणाऱ्यांच्या १.८ पट आढळले होते. हा आकडा मी बराच काळ ढालीसारखा वापरला, पण त्यातून कारण सिद्ध होत नाही, आणि पीसीओएसमध्ये नैराश्य मुळातच अधिक आढळते.

पंधरा-वीस दिवसांत ती पुन्हा माझ्याशी भांडू लागली, पण त्याच सुमारास पूर्वपरीक्षाही संपली होती. पाळी मात्र पुढे तीन महिने आली नाही. आता ती अठरा वर्षांची आहे. वेगळ्या घटकांची गोळी घेऊन पाहावी का, हे विचारायला ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे, आणि मी बाहेर बसायचे, असे तिने मला बजावले आहे.