वरचे खाचर, खालचे खाचर

भाताच्या खाचराला बांध कशासाठी घालतात, हे भात पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मात्र डोंगरउतारावर एकाखाली एक अशी शेकडो खाचरे असली, की पाणी अडवण्याचा प्रश्न मागे पडतो आणि ते सोडायचे कसे हा प्रश्न पुढे येतो. किती सोडायचे, केव्हा सोडायचे आणि मुख्य म्हणजे वरच्याने ते खालच्यासाठी का म्हणून सोडायचे? आपल्याकडे कालव्याच्या शेवटी शेत असलेल्या शेतकऱ्याला विचारले, तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तो एका वाक्यात देतो, आणि ते वाक्य सहसा छापण्याजोगे नसते.

याच प्रश्नाला बाली बेटावरच्या जातिलुविह नावाच्या गावाने कितीतरी पिढ्या एक उत्तर दिले आहे, आणि ते गाव पाहिल्यापासून माझ्या मनात त्याचाच विचार घोळतो आहे. इंडोनेशियाच्या या बेटावर जाणारी बहुतेक माणसे दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरच थांबतात. जातिलुविह मात्र आत, तबानान जिल्ह्यात, बातुकारू या २,२७६ मीटर उंचीच्या निद्रिस्त ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरांवर वसलेले आहे. हवा थंड, दुपारनंतर डोंगरावरून ढग खाली उतरतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नजर पोचेल तिथवर, भाताच्या पायऱ्या. या गावाच्या सुबाकाखाली, म्हणजे पाणीवाटपाच्या संघटनेखाली, सुमारे तीनशे हेक्टर भातजमीन आहे. देखणेपणाबद्दल मी अधिक लिहीत नाही. त्याची छायाचित्रे सगळीकडे आहेत, आणि माझ्या मते त्या गावाबद्दल सर्वांत कमी सांगणारी गोष्ट छायाचित्र हीच आहे. त्या पायऱ्यांची वळणे कोणी शोभेसाठी आखलेली नाहीत. पाणी एका पातळीवर उभे राहायचे असेल, तर बांधाला डोंगराच्या अंगानेच जावे लागते, इतकाच त्यांचा अर्थ.

बालीतल्या नद्यांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय हे गाव कळत नाही. ज्वालामुखीची राख आणि तिचा झालेला मऊ खडक कापत या नद्या इतक्या खोल घळींतून वाहतात, की काठावर शेत असूनही नदीचे पाणी त्या शेताला मिळत नाही. ते वीस-तीस मीटर खाली असते. म्हणून बरेच वर जाऊन नदीला बंधारा घालायचा, तिथून पाणी वळवायचे, गरज पडली तर डोंगर पोखरून बोगद्यातून काढायचे, आणि मग पाटाने खाली आणायचे. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही, कितीही मोठा जमीनदार असला तरी. अकराव्या शतकातल्या बालीच्या ताम्रपटांत पाणीवाटपाच्या या संघटनेचा उल्लेख सापडतो, तो बहुधा यामुळेच: जिथे पाणी एकट्याने आणता येत नाही, तिथे ते वाटण्याचे नियमही लवकर करावे लागतात.

सुबाकाची रचना मला विशेष वाटली ती तिच्या सभासदत्वामुळे. बालीत माणूस ज्या वस्तीत राहतो तिथल्या बंजारचा, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा, सभासद असतो. लग्न, मर्तिक, देऊळ ही कामे तिथे चालतात. सुबाकाचे सभासदत्व मात्र घरावरून न ठरता पाण्यावरून ठरते. तुमच्या खाचराला ज्या पाटाचे पाणी येते, त्या पाटाच्या सुबाकाचे तुम्ही सभासद. एकाच माणसाची दोन शेते दोन वेगळ्या पाटांवर असली, तर त्याला दोन्ही सुबाकांच्या बैठकांना जावे लागते, आणि शेजारी राहणारी दोन सख्खी भावंडे वेगवेगळ्या सुबाकांत असू शकतात. भाऊबंदकी आणि पाणी यांची अशी फारकत करून ठेवणाऱ्या माणसाला शेती आणि माणसे दोन्हींची चांगली पारख असली पाहिजे. सुबाकाच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. तो सभासदांनी निवडलेला असतो, आणि सुबाकाचे लेखी नियम, ज्यांना आविग-आविग म्हणतात, त्यालाही लागू असतात. पाणी चोरणाऱ्याला, बांध ढासळू देणाऱ्याला, सार्वजनिक कामाला न येणाऱ्याला दंड ठरलेला असतो.

वाटपाचे साधन मी जवळून पाहिले तेव्हा त्याच्या साधेपणाचा अचंबा वाटला. पाटाच्या आडवे, पाण्याच्या पातळीला, एक लाकडी ओंडके टाकलेले असते आणि त्याच्या वरच्या अंगाला खाचा पाडलेल्या असतात. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत. रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे. पाणी वाढले तर सगळ्यांना वाढते आणि आटले तर सगळ्यांचे त्याच प्रमाणात आटते. याला तेंबुकू म्हणतात. आता पुष्कळ ठिकाणी ओंडक्याच्या जागी सिमेंट आले आहे, पण तत्त्व तेच. मी पाहिलेल्या ओंडक्यावर शेवाळ चढले होते, कडांना पाण्याने गोलाई आली होती, आणि एका खाचेत अडकलेले पान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने जाता जाता, पायाच्या अंगठ्याने, बाजूला सारले. ती खाच त्याच्या शेताची नव्हती, असे आमच्या वाहनचालकाने नंतर सांगितले. दोन पाटांचे पाणी कोणी मोजत बसलेले नव्हते. मोजण्याचे काम लाकूड करीत होते आणि ते लाकूड सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. कुलूप लावलेल्या लोखंडी दारांपेक्षा हा हिशेब मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात गुपित असे काहीच नाही.

पाणी शेतात शिरते त्या कोपऱ्यावर प्रत्येकाचे एक लहानसे देवस्थान असते. तिथे नारळाच्या कोवळ्या पानांच्या द्रोणात फुले, चार शिते आणि उदबत्ती ठेवलेली दिसते. बंधाऱ्याचे देऊळ वेगळे, सुबाकाचे वेगळे, आणि या सगळ्यांच्या वर, रानात, लुहुर बातुकारूचे मोठे देऊळ. भाताची देवता देवी श्री. शेतात पाणी घेण्याआधी पाण्याचे स्वागत करण्याचा विधी होतो, आणि पीक पोटरीला आले की पुन्हा एक विधी, ज्यात भाताला गर्भार बाईसारखे मानून पूजतात. आपल्या घरातल्या डोहाळजेवणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कापणीच्या वेळी लोंब्यांची एक बाहुली करतात आणि देवी म्हणून कोठारात नेऊन ठेवतात. बालीचा शक आणि आपला शालिवाहन शक एकच आहे, आणि २०२३ साली त्यांचा न्येपी हा नववर्षदिन आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आला होता. फक्त त्या दिवशी आपल्याकडे ढोलताशे वाजतात आणि त्यांच्याकडे संपूर्ण बेट, विमानतळासह, बंद असते.

हे सारे पाहून पाहुणा सहज म्हणतो, की धर्मश्रद्धेमुळे ही माणसे पाणी वाटून घेतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. श्रद्धा आहे, यात शंका नाही. पण वरच्या शेतकऱ्याला खालच्याची खरोखरीची गरज आहे, आणि ती गरज आहे उंदीर आणि तुडतुड्यांमुळे. भातावरच्या किडीला खायला सतत हिरवे पीक लागते. वरच्या अंगाची सगळी शेते आणि खालच्या अंगाची सगळी शेते एकाच वेळी कापली गेली आणि एकाच वेळी पडीक राहिली, तर किडीची उपासमार होते. पण खालच्यांना वेळेवर पाणी मिळाले नाही, त्यांची लावणी महिनाभर लांबली, तर वरच्याचे पीक कापल्यावर कीड खाली जाते, खालचे कापल्यावर परत वर येते, आणि तिचे बारा महिने चालू राहतात. म्हणजे वरचा शेतकरी पाणी देतो आणि त्याच्या बदल्यात खालचा शेतकरी त्याला किडीपासून सुटका देतो. हा व्यवहार कुठल्याही करारपत्रावर नाही. तो देवळाच्या वार्षिक उत्सवात, लावणीच्या तारखा ठरतात तेव्हा होतो.

हा व्यवहार मोडला तर काय होते, हेही बालीने पाहिले आहे. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमात सरकारने लवकर येणारी नवी वाणे, खते आणि कीटकनाशके आणली आणि शेतकऱ्यांना सांगितले, की देवळाच्या पंचांगाची वाट पाहू नका, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा लावणी करा. सुरुवातीला उत्पन्न वाढलेही. मग प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावणी करू लागला, पाण्याच्या पाळ्या कोलमडल्या, आणि तपकिरी तुडतुडे असे माजले की फवारणीने मरेनात. उलट त्यांना खाणारे कोळी मात्र फवारणीने मेले. १९८६ साली इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली. त्याच दशकात स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाच्या मदतीने संगणकावर नद्या, सुबाक, पाऊस आणि कीड यांचे गणित मांडून पाहिले, तेव्हा देवळांच्या जाळ्यातून ठरणारे वेळापत्रक पाणी आणि कीड या दोन्हींचा उत्तम मेळ घालते असे दिसून आले. ज्या गोष्टीला अभियंते अंधश्रद्धेच्या रकान्यात टाकून मोकळे झाले होते, तिचे गणित बरोबर निघाले. पंचांगाला सरसकट विज्ञान ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी यातून फार मोठा अर्थ काढू नये. इथे पंचांग बरोबर ठरले ते सगळ्यांचे एकच होते म्हणून.

हे वाचताना धुळे-नाशिककडच्या वाचकाला फडाची आठवण होईल, आणि ती रास्त आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांच्या पाटाखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे. शेतकऱ्याने दाऱ्याला हात लावायचा नाही. पाणी कमी असले तर सगळ्यांनीच क्षेत्र कमी करायचे, हा तेंबुकूचाच हिशेब. फड मोडत गेले त्याची कारणेही ओळखीची आहेत: वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरी वाढल्या, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पाटकऱ्याची पर्वा उरली नाही. जातिलुविहमध्ये विहिरीने भात होत नाही, हे त्या गावाचे एका अर्थी भाग्यच.

गावाची ओळख असलेला लाल तांदूळ हा जुन्या वाणाचा. उंच वाढतो, पाच-सहा महिने घेतो, आणि जानेवारीत लावला तर जून-जुलैत हाती येतो. नव्या बुटक्या वाणासारखा तो विळ्याने सपासप कापीत नाहीत; तळहातात मावेल एवढ्या लहानशा पात्याने एकेक लोंबी खुडतात, तिच्या पेंढ्या बांधतात, आणि मळणी न करता देठासकट कोठारात ठेवतात. वर्षाचे दुसरे पीक कमी मुदतीच्या वाणाचे घेतात. कापणीनंतर पाणी भरलेल्या मोकळ्या खाचरांत बदकांचे थवे सोडतात. ते सांडलेले दाणे आणि किडे खातात आणि जमिनीला खत देतात. राखणदाराने फडके बांधलेली एक काठी रोवून ठेवली, की बदके तिच्या आसपासच राहतात. या तांदळाचा भाजून केलेला चहाही गावात मिळतो. चव भाजलेल्या ज्वारीच्या लाह्यांच्या जवळ जाणारी आहे. ज्यांना दुधाचा, आल्याचा चहा लागतो त्यांनी तिकडे फारशी आशा धरू नये.

२०१२ साली बालीच्या सुबाकांचा प्रदेश, सुमारे १९,५०० हेक्टर, युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतला आणि जातिलुविह त्यातला एक भाग म्हणून नावारूपाला आले. तेव्हापासून गावाच्या वेशीवर तिकीट आहे, पायऱ्यांच्या कडेला उपाहारगृहे आहेत, आणि या उत्पन्नातला किती वाटा प्रत्यक्ष भात लावणाऱ्याच्या हाती पडतो याबद्दलची कुरबुर आहे. ती मला अगदी योग्य वाटते. पाहुणा ज्या गोष्टीचे पैसे मोजतो ती गोष्ट शेतकऱ्याने चिखलात उभे राहून तयार केलेली असते, आणि ज्या शेताकडे पाहत तो जेवतो त्या शेताच्या मालकाला उपाहारगृहाच्या गल्ल्यातले काही मिळेलच असे नाही. जमिनीचा भाव वाढला तसा ती राखण्याचा खर्च आणि विकण्याचा मोह, दोन्ही वाढले.

त्याहून नाजूक प्रश्न मनुष्यबळाचा आहे. सुबाकात जुन्या काळापासून तीन प्रकारचे सभासद धरलेले आहेत: स्वतः येऊन पाट उपसणारे, श्रमाच्या बदल्यात धान्य किंवा पैसे भरणारे, आणि पुजाऱ्यांसारखे दोन्हींतून सुटका मिळालेले. मुले दक्षिणेकडच्या हॉटेलांत नोकरीला गेली, की घरे पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकतात. नियमाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. पैसे वेळेवर येतात. परंतु बोगद्याच्या तोंडाशी साचलेला गाळ पैशांनी निघत नाही, त्याला फावडे धरणारी माणसे लागतात, आणि मजुरी देऊन बाहेरून आणलेल्या माणसाला आपल्या पाटाचे पाणी कुठे झिरपते हे ठाऊक नसते. म्हणून भरायच्या रकमेचा दर किती असावा, तो वाढवला तर माणसे परत येतील की जमीन विकून मोकळी होतील, यावर सुबाकाच्या बैठकांत वाद होतात. पुष्कळ सुबाकांत या बैठका बालीच्या पस्तीस दिवसांच्या महिन्यातून एकदा भरतात, आणि गैरहजर राहणाऱ्याला त्यांतही दंड आहे.