तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपातला आरोपी सहा आठवड्यांत, मग आपला का नाही?

बातम्यांत नीरव मोदीचं नाव पुन्हा आलं की मला हमखास विचारलं जातं, "वकीलबाई, तिकडे युरोपात एका देशातला आरोपी दुसऱ्या देशात पळाला तर महिन्या-दीड महिन्यात परत आणतात म्हणे. मग आपलेच आरोपी वर्षानुवर्षं का अडकून पडतात?" विचारणारे कधी सोसायटीतले काका असतात, कधी बार रूममधला नवा ज्युनिअर. जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहून टाकते. मी बचाव पक्षाची वकिली करते, हे आधीच सांगितलेलं बरं.

ऐकलेलं खरं आहे. 13 नोव्हेंबर 2015 च्या रात्री पॅरिसमध्ये 130 माणसं मारली गेली. हल्ला करणाऱ्यांतला एकटा जिवंत राहिलेला सालाह अब्देसलाम दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने बेल्जियमला निघाला. वाटेत कांब्रेपाशी फ्रेंच पोलिसांनी गाडी अडवली, कागद पाहिले आणि सोडून दिली, कारण हल्ल्यातला संशयित म्हणून त्याचं नाव तोवर त्यांच्या यादीवर चढलंच नव्हतं. 18 मार्च 2016 ला तो ब्रुसेल्समध्ये सापडला आणि 27 एप्रिलला फ्रान्सच्या ताब्यात गेला.

आता आपला अबू सालेम बघा. तो सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनला सापडला आणि मुंबईत आला नोव्हेंबर 2005 मध्ये. पोर्तुगालशी तेव्हा आपला प्रत्यार्पण करार नव्हता. उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणींनी हमी दिली होती की फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैदेत ठेवणार नाही. ही हमी भारत सरकारवर बंधनकारक आहे, असं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. म्हणजे एका आरोपीसाठी दोन सरकारांना टेबलावर बसावं लागलं.

युरोपियन युनियनमध्ये नेमकं हेच टेबल काढून टाकलंय. जानेवारी 2004 पासून तिथे युरोपियन अरेस्ट वॉरंट चालतं. फॉर्म सगळीकडे एकच. या देशाच्या कोर्टाने भरायचा, त्या देशाच्या कोर्टाने तपासायचा, मधे मंत्री नाही की परराष्ट्र खातं नाही. दहशतवाद, मानवी तस्करी, अमली पदार्थ, खून अशा 32 प्रकारच्या गुन्ह्यांत, शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त असेल तर "हा आमच्याकडेही गुन्हा आहे का?" हा प्रश्नच विचारायचा नाही. निर्णयाला साधारण 60 दिवस. शिवाय आरोपी आपलाच नागरिक आहे एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही.

हे शेवटचं कलम भल्याभल्यांना पचलं नाही. 2005 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने आपल्याच संसदेचा यासंबंधीचा कायदा रद्द केला, तो पुढच्या वर्षी नव्याने करावा लागला. पोलंडला तर राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली. मंत्री मधे नको म्हणजे किती नको? 2019 मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने जर्मन सरकारी वकिलांना अशी वॉरंटं काढायला मनाई केली. कारण एवढंच, की जर्मनीत न्यायमंत्री सरकारी वकिलाला आदेश देऊ शकतो. कोणी तसा आदेश दिल्याचं सिद्ध करायचीही गरज पडली नाही. आपल्याकडे असा निकाल आला तर काय होईल, याचा विचार मी चहा पिताना करत असते.

आणि तुरुंग? 2016 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कोर्टापुढे दोन वॉरंटं होती, एक हंगेरीचं आणि एक रुमानियाचं. दोन्हीकडचे तुरुंग खच्चून भरलेले. लक्झेंबर्गने सांगितलं की अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तर आधी माहिती मागवा, समाधान होईपर्यंत आरोपी देऊ नका. म्हणजे आर्थर रोडच्या बराक नंबर 12 मधली खिडकी केवढी, उजेड किती येतो, याची चौकशी लंडनच्या कोर्टाने केली तेव्हा आपल्याकडे जो संताप झाला, तो जरा जास्तच होता. युरोपवाले हा प्रश्न एकमेकांनाही विचारतात. नीरव मोदीच्या बाबतीत तिथल्या कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या बाजूने कौल दिलाच होता. त्यानंतर अपिलं आणि अर्ज यांत वर्षं गेली, कारण आपण त्या सहा आठवड्यांच्या व्यवस्थेत नाहीच. तसं व्हायचं असेल तर उद्या वॉर्सातल्या दंडाधिकाऱ्याच्या कागदावर शिवाजीनगर कोर्टाने पुण्याचा माणूस उचलून द्यायची तयारी हवी. ज्यांना वेग हवाय, त्यांतल्या किती जणांना हे चालेल, मला शंका आहे.

पण वॉरंट हा शेवटचा टप्पा. त्याआधी गुन्हा शाबीत करायला पुरावा लागतो, आणि तो चार देशांत विखुरलेला असतो. 23 ऑक्टोबर 2019 ला इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या ग्रेजला एका ट्रकच्या ट्रेलरमध्ये 39 व्हिएतनामी माणसांचे मृतदेह सापडले. सर्वांत लहान मुलं पंधरा वर्षांची होती. ही माणसं फ्रान्समध्ये डंकर्कजवळच्या बिएर्न गावात ट्रेलरमध्ये चढली, बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून ट्रेलर बोटीवर गेला, पर्फ्लीटला उतरला. वाहतूकवाले आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडचे. ड्रायव्हरला मालकाचा मेसेज होता: त्यांना लगेच हवा दे, बाहेर काढू नकोस.

गुन्हा कुठे घडला म्हणायचं? टॅक्सीने माणसं आणून सोडणारा फ्रान्सचा, लपवून ठेवणारा बेल्जियमचा, मरण समुद्रात, मृतदेह इंग्लंडमध्ये. जुन्या पद्धतीने गेलं तर प्रत्येक कागदासाठी लेटर रोगेटरी, म्हणजे एका कोर्टाने दुसऱ्या देशाच्या कोर्टाला पाठवलेलं विनंतीपत्र. आपल्याकडे बँक घोटाळ्यांत अशी पत्रं किती फिरतात आणि किती झोपतात, ते कोर्टात वावरणाऱ्यांना माहीत आहे. इथे चार देशांनी संयुक्त तपास पथक केलं. पथकातल्या एकाने आपल्या कायद्याप्रमाणे गोळा केलेला पुरावा बाकीच्यांना सरळ वापरता येतो, वेगळी विनंती लागत नाही. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात जानेवारी 2021 मध्ये शिक्षा झाल्या. बेल्जियममधल्या सूत्रधाराला ब्रुजच्या कोर्टाने 2022 मध्ये 15 वर्षं दिली.

अशी पथकं जुळवून देणारी संस्था म्हणजे युरोजस्ट, 2002 पासूनची, मुक्काम हेग. तिथे प्रत्येक सदस्य देशाचा एक सरकारी वकील किंवा न्यायाधीश कायमचा बसलेला असतो. युरोजस्ट स्वतः कोणाला अटक करत नाही, कोणाच्या घराची झडती घेत नाही. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, दुभाषे लावायचे आणि तारीख-वेळ ठरवायची. वेळ ठरवणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण बेल्जियममध्ये रात्री नऊ ते पहाटे पाच घराची झडती घेता येत नाही, फ्रान्समध्ये साधारण नियम सकाळी सहाच्या आधी नको असा, अपवाद वेगळे. एका शहरात दार वाजलं की दुसऱ्या शहरातला फोन तासाभरात बंद पडतो. ही धाड एकाच मिनिटाला पडावी, यासाठी वकील मंडळी डोकं खाजवत बसतात.

इथवर मी कौतुक केलं. आता माझी तक्रार.

एन्क्रोचॅट नावाचे फोन होते. कॅमेरा, माइक, जीपीएस काढलेले, ठरावीक पिन दाबला की सगळं पुसलं जाणार. सहा महिन्यांची वर्गणीच दीड हजार युरोंच्या घरात. वापरणारे साधारण साठ हजार. 2020 च्या एप्रिलमध्ये फ्रेंच पोलिसांनी या फोनमध्ये शिरकाव केला, फ्रान्स आणि नेदरलँड्सने युरोजस्टच्या मदतीने संयुक्त पथक केलं आणि गुन्हेगारांचे मेसेज त्यांच्या नकळत वाचले जाऊ लागले. जूनमध्ये कंपनीला सुगावा लागला, तिने सगळ्यांना फोन नष्ट करायला सांगितलं. त्याच महिन्यात डच पोलिसांना वाउसे प्लांटाजे गावात सात कंटेनर सापडले. त्यातल्या एकात आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अस्तर लावलेलं आणि मधोमध दंतवैद्याची खुर्ची, हातापायांना पट्टे बांधलेली. जून 2023 पर्यंत जगभरात 6,558 अटका झाल्या होत्या. ती खुर्ची वापरात यायच्या आधी सापडली, याचा मला आनंदच आहे.

पण फोनमध्ये शिरले कसे? ते फ्रान्सचं लष्करी गुपित. आपल्याकडे साधं सीसीटीव्ही फुटेज पुराव्यात द्यायचं तर प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली. मी त्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची उलटतपासणी घेते, तारखा मागते, हार्ड डिस्क कोणाच्या ताब्यात होती ते विचारते. बर्लिनमधल्या आरोपीच्या वकिलाने कोणाची उलटतपासणी घ्यायची? पुरावा फ्रान्सने गोळा केला, जर्मन सरकारी वकिलाने मागवून घेतला, आणि तो गोळा कसा केला हे जर्मन कोर्टाने तपासायचं नाही, कारण विश्वास. बर्लिनच्याच एका कोर्टाला हे खटकलं आणि त्याने लक्झेंबर्गला विचारलं. 30 एप्रिल 2024 च्या निकालात उत्तर आलं: सरकारी वकिलाने असा पुरावा मागवणं चालेल. मात्र आरोपीला त्या पुराव्यावर परिणामकारकपणे बोलता आलं नाही आणि निकाल मुख्यतः त्यावरच झुकणार असेल, तर तो पुरावा बाजूला ठेवावा लागेल.

"परिणामकारकपणे" म्हणजे किती, हे आता एकेक खटल्यात ठरत राहील. परदेशातून पुरावा मागवण्याचा आदेश बचाव पक्षालाही मागता येतो, असं 2014 च्या युरोपीय निर्देशात पहिल्याच कलमात लिहिलंय. पण तो काढायचा अधिकार तिथल्या कोर्टाचा किंवा सरकारी वकिलाचा, म्हणजे अनेकदा समोरच्याच बाजूचा. हेगच्या त्या इमारतीत सत्तावीस देशांच्या सरकारी बाजूला टेबल-खुर्ची आहे, दुभाषा आहे, प्रवासखर्च आहे. आरोपीच्या वकिलाने फ्रान्समधल्या लिल शहरातला ओळखीचा वकील आपला आपण शोधायचा, आणि त्याची फी अशिलाकडून आधी वसूल करायची.