देवीच्या नावावर गेलेला गुण

एकोणीस वर्षं कबड्डीची पंचगिरी करतोय. एवढ्या काळात माझ्या आईवडिलांचा, डोळ्यांचा आणि चष्म्याच्या नंबराचा उद्धार किती वेळा झाला याचा हिशोब नाही. शनिवार-रविवार मैदानावर शिव्या खायच्या आणि सोमवारी शाळेत जाऊन पोरांना 'पंचांचा निर्णय अंतिम' असं शिकवायचं, असा माझा आठवडा. पण दोन महिन्यांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका गावी, अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत माझ्या हातून चूक झाली आणि मला कुणी हूं की चूं केलं नाही. उलट रात्री जेवायला बसलो तेव्हा आग्रह करकरून वडे वाढले. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

गाव सांगत नाही. संघांची नावंही सांगत नाही. एवढंच सांगतो की यजमानांच्या नावात गावची देवी होती आणि रत्नागिरीकडून आलेल्यांच्या नावात मारुती. आमच्याकडे बहुतेक संघांच्या नावात देव असतोच. समालोचक माइकवर ओरडत असतो, 'देवीचे चार गडी बाद!', 'मारुतीवर लोण चढला!' आणि ऐकणाऱ्यात कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

स्पर्धा जत्रेतली. देवळासमोरची माती, चारी बाजूंनी हॅलोजन. मॅटवर खेळायची सवय झालेल्या पोरांना मातीवरचा त्रास कळत नाही, पण पंचाला कळतो. मॅटवर रेषा हलत नाही. मातीवर फक्कीनं आखलेली रेषा पहिल्या दहा मिनिटांत फिसकटते आणि उत्तरार्धात तर निदान रेषा कुठे नि बोनस रेषा कुठे हे पंचाला आठवणीनं पाहावं लागतं. मध्यंतराच्या पाच मिनिटांत मी स्वतः फक्कीचं डबडं घेऊन रेषा मारून घेतो. आयोजकांचा माणूस तेव्हा हमखास चहाच्या टपरीवर असतो.

माझ्या खिशात शिट्टीच्या जोडीला नेलकटर असतो. सामन्याआधी चौदा आणि राखीव मिळून वीस-बावीस जणांची बोटं तपासायची. नखं वाढलेली नकोत, अंगाला तेल नको, अंगठी, कडं, साखळी काही नको. खरी कटकट ताइताची. 'सर, देवाचा आहे तो.' असेल, पण धातूचा आहे आणि समोरच्याचा गाल फाटला तर टाके देव घालत नाही. मी सगळे ताईत काढायला लावतो आणि गुणलेखकाच्या टेबलावर रुमालात ठेवतो. त्या दिवशी सहा होते. मारुतीवाल्यांच्या मुख्य चढाईपटूनं, वीस-एकवीस वर्षांच्या किडकिडीत पोरानं, कुरकुर न करता काळ्या दोऱ्यातला आपला तांब्याचा ताईत काढून माझ्या हातात दिला. देताना डोळ्याला लावला.

मग गाऱ्हाणं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कोकणात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गावाचा मानकरी देवापुढे नारळ ठेवून मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यानंतर हुंकार भरतात. 'बा देवी माये, आज जो काय ह्यो खेळ तुझ्या दारात मांडलेलो असा, तो सुखरूप पार पाड!' 'व्हय म्हाराजा!' 'कोणाक दुखापत होऊ देव नको!' 'व्हय म्हाराजा!' 'आणि तुझ्या पोरांच्या पदरात येश घाल!' 'व्हय म्हाराजा!' या तिसऱ्या हुंकारात माझाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. शेजारी उभे असलेले मारुतीवाले गप्प होते. त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी उगाच शिट्टीची दोरी सरळ केली.

सामना चांगला झाला. मध्यंतराला यजमान चार गुणांनी पुढे, मग मारुतीवाल्यांनी लोण देऊन, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करून, फरक भरून काढला. तपशील लिहीत बसत नाही. फक्त एक सांगायलाच हवं. पंचाचा डोळा पायावर आणि कान दमावर असतो. 'कबड्डी, कबड्डी' हा दम सलग आणि स्पष्ट ऐकू आला पाहिजे, तुटला तर चढाई संपली. आता हल्लीचे आयोजक प्रत्येक गुणाला गाण्याचा तुकडा वाजवतात, मागे ढोल, वर समालोचकाचे विनोद. मी दोनदा सामना थांबवून आवाज कमी करायला सांगितलं. दोन्ही वेळा समालोचकानं माइकवरून 'पंचांची कबड्डी रागावली' म्हणून हशा मिळवला. या लोकांना कबड्डी नको आहे, ऑर्केस्ट्रा हवा आहे.

28-27. यजमान एका गुणानं पुढे. घड्याळ संपत आलेलं, मारुतीवाल्यांची शेवटची चढाई, चढाईला तोच पोरगा. समोर चार जण, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण नाही, त्यासाठी किमान सहा लागतात. स्पर्श हवा. एक गुण मिळाला तर बरोबरी आणि मग पाच-पाच चढाया.

पोरगा आधी डाव्या कोपऱ्याकडे गेला, हुलकावणी दिली, आणि गर्रकन माझ्या बाजूला वळला. माझ्या बाजूच्या कोपरारक्षकानं घोट्यासाठी झेप घेतली. मी खाली पाहिलं. पाहावंच लागतं. घोटा हातात आला का, आणि चढाई करणाऱ्याचा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, पडला का, हे दोन्ही त्याच क्षणी ठरतं. स्पर्शाआधी पाय लॉबीत गेला तर तो बाद. पाय रेषेच्या चार बोटं आत होता, घोटा निसटला होता. हे मी अगदी नीट पाहिलं, आजही शपथेवर सांगेन. त्याच वेळी वर, डोळ्याच्या कडेला, मधल्या खेळाडूच्या बनियनचं टोक हललं. पोराचा मागे आलेला हात तिथून गेला होता. कपड्याला लागलेलं बोटही स्पर्शच. पण खाडीवरून वारा येत होता, आणि तो गडी स्वतःही मागे सरत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चेहरा कोरा. मुख्य पंचांकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते. पलीकडच्या पंचाकडे पाहण्यात अर्थ नव्हता, त्याचं लक्ष दुपारपासून मानधनाच्या पाकिटावर होतं. शिकताना आम्हाला एकच सांगितलं होतं, खात्री नसेल तर शिट्टी नाही. मी वाजवली नाही. पोरगा मध्यरेषेवर पोचला, चढाई निष्फळ, लांब शिट्टी, ढोल, गुलाल.

मी अंग आवरून उभा राहिलो. अशा वेळी हरलेला संघ अंगावर येतो आणि आपण एक पाऊल मागे न घेता उभं राहायचं असतं. कुणी आलंच नाही. पोराला बोट लागल्याचं स्वतःलाच कळलं नव्हतं. तो मातीत गुडघे टेकून बसला, मग उठून टेबलापाशी आला, ताईत घेतला, डोळ्याला लावला आणि बांधायला गेला. तेवढ्यात त्यांचा प्रशिक्षक ओरडला, 'आता काय बांधतोस? सुतकात देवीच्या दारात खेळायला उतरलास, दुसरं काय होणार!' पोराची आजी जाऊन आठवडा झाला होता. घरचे नको म्हणत होते, संघाला दुसरा चढाईपटू नव्हता म्हणून तो आला. आणायला गाडी पाठवणारा हाच प्रशिक्षक. बाकीचे खेळाडूही मान हलवत होते, जणू सामना तिथेच कुठेतरी हरला होता, त्या पोराच्या घरच्या तेराव्याच्या आत.

बक्षीस समारंभात यजमानांच्या कर्णधारानं चषक उंचावला आणि म्हणाला, 'ह्यो इजय आमचो नाय, देवीचो आसा.' टाळ्या. त्या रात्री दोन्ही बाजूंचं एकमत होतं. जिंकणाऱ्यांना देवीनं जिंकवलं, हरणाऱ्यांना देवीनं हरवलं. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत आम्ही सहा अधिकारी तिथे काय करत होतो कोण जाणे.

जेवणानंतर टाकीवर हात धूत होतो. अंधारातून तो मधला गडी आला, बनियनवाला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, 'सर, रागावू नकात. हात लागलो हुतो.'

मी म्हटलं, 'मग हात वर का नाही केलास?'

'मी देवीक हाक मारलंय, सर. म्हटलंय, आई, सरांच्या डोळ्यांवर हात ठेव.' आणि मग अगदी भाविकपणे, 'ठेवल्यान!'

त्यानं वाकून मला नमस्कार केला. मला की माझ्या डोळ्यांवरच्या हाताला, ते कळलं नाही.

जुन्या मैदानी खेळाडूंमध्ये मी अशी माणसं पाहिली आहेत, जी पंचाला दिसलेलं नसताना हात वर करून स्वतः बाहेर जात. ती काही नास्तिक नव्हती. मैदानात पाय ठेवण्याआधी माती कपाळाला लावणारीच होती. पण त्यांनी देवाला कामाला लावलेलं मी ऐकलं नाही.

घरी येताना मोटरसायकलवर अली बिन नासेर आठवत होते. फुटबॉलवाले ओळखतील. 22 जून 1986, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका स्टेडियम, इंग्लंडविरुद्ध मॅराडोनानं हातानं केलेला गोल. मॅराडोना नंतर म्हणाला, थोडं माझं डोकं आणि थोडा देवाचा हात. जग त्या वाक्यावर आजही खूश आहे. ट्युनिशियाचे बिन नासेर त्या सामन्याचे पंच होते. त्यांनी रेषापंचाकडे पाहिलं, रेषापंच मध्यरेषेकडे निघाला होता, म्हणून गोल दिला. मी मुख्य पंचांकडे पाहिलं तसंच. देव मॅराडोनाच्या वाट्याला आला आणि चूक बिन नासेर यांच्या. 2015 मध्ये मॅराडोना ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला आणि सही केलेला सदरा देऊन आला म्हणतात. माझं उलट झालं. देवाचा हात माझ्याच डोळ्यांवर आला आणि चूकही देवीनं आपल्याकडे घेतली. माझ्यापाशी राहिलं मानधन आणि पेट्रोलचे पैसे.

वरच्या पातळीवर असं चालत नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असताना पवन सेहरावत स्पर्श न करता लॉबीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले, आणि नियम जुना लावायचा की नवा यावर सामना तासभर अडला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. तिथे कॅमेरे होते, रिव्ह्यू होता, तरी घोळ झाला. पण निदान सगळे भांडत होते अधिकाऱ्यांशी. गावात आमचा रिव्ह्यू देवळात होतो आणि तिथे पंचाला बोलावत नाहीत.

मी मुख्य पंचांना फोन केला. ते म्हणाले, 'अहवालात काही लिहू नकोस, तक्रारच नाही तर उत्तर कुणाला देतोस?' त्यांचं नियमाप्रमाणे बरोबर होतं. निकाल काही फिरणार नव्हता. माझ्या डोक्यात निकाल नव्हताच, ते तेरावं होतं. त्या पोराला गावात वर्षभर तेच ऐकावं लागणार. मग प्रशिक्षकाला फोन केला, सरळ सांगितलं की स्पर्श झाला होता, माझ्याकडून सुटला, त्या मुलाचा काही दोष नाही. तो हसला. 'सर, देवीच्या जत्रेत देवीचा संघ हरतो काय कधी? तुम्ही नका मनाला लावून घेऊ.' मी तीच गोष्ट दोनदा सांगितली. दोन्ही वेळा त्यानं माझीच समजूत घातली.

शेवटी पोराचा नंबर घेतला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, 'तुझं बोट लागलं होतं. गुण तुझा होता. आजीचा, सुतकाचा काही संबंध नाही, चूक माझी आहे.' पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, 'पण सर, तुम्हाला दिसलं नाही ना?'

'नाही. म्हणजे दिसल्यासारखं झालं.'

'मग तेच तर. ते तुमच्या हातात होतं का?'

माझ्याच हातात होतं. शिट्टी तर ओठांतच होती. हे मी त्याला म्हटलंसुद्धा, पण तो 'बरोबर आहे, सर' असं म्हणाला, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण म्हणतो तसं.

चार दिवसांनी त्याचा मोबाइलवर फोटो आला. कामाला दांडी मारून, एसटी बदलत, तो एकटा त्या गावी देवीला जाऊन आला होता. पायरीवर दोन नारळ. खाली लिहिलं होतं, 'सुतक फिटलं. एक माझा, एक तुमच्या नावाचा ठेवला, सर.'