भीमपलास, अडकलेला एफ आणि डावा हात : नोंद चौथी

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पावसाळा संपायच्या आत चर्चमधल्या एका भजनावरची पियानोची रचना पूर्ण करणार, तर नाही झाली. पहिली दोन पानं पूर्ण फाडली आणि आता नवीन तीन पानं आहेत, पण ही तीन वाजवताना लाज वाटत नाही एवढं नक्की.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी बेळगावचा, कॅम्पात राहतो, बीकॉमला आहे, घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि चर्चमध्ये जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो. रविवारी उपासनेला मीच वाजवतो. जे भजन घेतलंय ते आमच्या मंडळीत आज्जीच्या लहानपणापासून गातात, नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचं जे वळण लावलं त्याच घराण्यातलं म्हणा. आमच्याकडची चाल भीमपलास रागाच्या अगदी जवळ जाते. पुरुष पांढरी दोनमध्ये गातात, म्हणजे सा डीवर, आणि काफी थाट (ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध) डीवरून धरला की सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात (यालाच पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात), त्यामुळे मला वाटलं सोपंय.

कसलं सोपं. मी आपला चालीखाली कॉर्ड्स, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, भरत सुटलो. डी मायनर, मग जी मेजर, मग ए मायनर. एका रविवारी उपासना झाल्यावर गायनमंडळातल्या काकू आल्या आणि सरळच म्हणाल्या, "व्हय रे, चार-चार बोटं एकदम काय आपटायलालास? चाल कुठं गेली आमची? मला शब्दच सापडंनात." तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. पण घरी वही घेऊन बसलो तर काकूंचंच बरोबर. भीमपलासात चढताना रे आणि ध नाहीत, ते फक्त उतरताना येतात. जी मेजर म्हणजे म ध सा, तो दाबून धरला की ध छातीवर बसतो. ए मायनरमध्ये रे, सी मेजरमध्येही रे. चढतानाच्या पाच स्वरांतून कॉर्ड बनवायची म्हटलं तर स्वच्छ राहणाऱ्या दोनच, डी मायनर आणि एफ मेजर. दोन कॉर्डवर तीन पानं? झोप येईल.

आणि तेवढ्यात जुलैच्या पावसात चर्चच्या पियानोचा मधला एफ अडकला. इथला पाऊस माहितीच आहे, लाकूड आणि पट्टीच्या भोकातली फेल्ट ओलाव्याने फुगते, पट्टी खाली जाते ती वर येतच नाही. आता सा डीवर असेल तर एफ म्हणजे कोमल ग, म्हणजे भीमपलासचा जीवच. अर्ध्या तासात उपासना. काय करणार, उजव्या हातात जिथे ग येईल तिथे तो डाव्या हाताने एक सप्तक खाली घ्यायचा ठरवलं, बाकी डावा हात रिकामाच, कॉर्ड नाही काही नाही. वाजवताना असं वाटायला लागलं की उजवा हात पुढे गातोय आणि खालून कोणीतरी त्याला धरून बोलतंय, भजनात पुढचा ओळ म्हणतो आणि मागचे टाळकरी उचलतात ना, अगदी तसं. मंडळीही मोकळी गायली. काकूंनी लांबूनच मान हलवली, त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप.

मग त्याच आठवड्यात जर्मन संगीतकार बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स, म्हणजे दोन हातांत दोन स्वतंत्र ओळी चालणाऱ्या छोट्या रचना, परत काढल्या. १५ आहेत, आणि १७२३ च्या प्रतीवर त्याने स्वतःच लिहिलंय की दोन आवाज स्वच्छ वाजवायला आणि रचनेची गोडी लागायला हे केलंय. मी त्या फक्त परीक्षेसाठी बडवल्या होत्या. आता तोच सांगाडा घेतलाय, उजव्या हाताची ओळ डावा हात मागून घेतो. चार मात्रांनी मागे आणला तर म वर ग येऊन खटका उडायचा, पूर्ण आठ मात्रांनी मागे ठेवल्यावर बसलं. ध आणि रे आता फक्त उतरताना, जाता जाता येतात.

बाखची अजून एक गोष्ट. स्वतःच्या मुलासाठी १७२० मध्ये जी वही सुरू केली तिच्यातल्या पहिल्याच बोटांच्या धड्यावर 'येशूच्या नावाने' याची आद्याक्षरं आहेत. चर्चसाठीचं मोठं काम नव्हे हो, पोराचा बोटं बसवायचा धडा! मी वाजवायला बसण्याआधी प्रार्थना करतो हे पियानोवाल्या दोस्तांना सांगायला लाजायचो, आता वहीच्या प्रत्येक पानावर वर 'येशू, मदत कर' लिहितो. त्याने बोटं आपोआप पळत नाहीत, पण कुठलं पान मला मिरवायला लिहिलंय आणि कुठलं भजनासाठी, हे ते तीन शब्द बघितले की कळतं. फाडलेली दोन पानं मिरवायचीच होती.

अडकलेल्या पट्टीवरून आठवलं, मेसिआँ, फ्रेंच संगीतकार, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा पक्का कॅथलिक. १९४१ च्या जानेवारीत युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने आपलं क्वार्टेट (चार वाद्यांची रचना) पहिल्यांदा वाजवलं, आणि तिथल्या अपराइटच्या पट्ट्यासुद्धा दाबल्या की वर येत नव्हत्या असं त्यानेच सांगितलंय. त्या क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोकडे १७ स्वर-लांबींचा ताल आणि २९ कॉर्ड्स फिरत राहतात, दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे ते लवकर जुळतच नाहीत. आणि ते ताल कुठले? शार्ङ्गदेवाच्या संगीत रत्नाकरातले! देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, १३ व्या शतकात लिहिलेला ग्रंथ, आणि त्याच काळात रट्ट राजांकडून आपलं बेळगावही यादवांकडे गेलेलं. मी हे घरी जेवताना सांगितलं तर आज्जी म्हणाली, "मग तू पॅरिसला कशाला बघायलालास, भाजी वाढून घे."

सध्याची अडचण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं. प वरून ग वर घसरायचं तर पियानोवर घसरणार कशावर? म ला हलकं चाटून जाणारा कणस्वर आणि अर्धं पेडल (स्वर लांबवणारं पेडल अर्धंच दाबायचं), एवढंच जमतंय, तेही घरच्या डिजिटलवर नीट येत नाही, चर्चच्या अपराइटवरच येतं. अपराइटच्या खालच्या फळीआड १५ वॅटचा बल्ब लावून ठेवलाय ओलावा मारायला, लाईट गेली की तोही जातो. एफ आता वर येतो, पण सुस्त. ट्यूनर गोव्याहून येतो, तो म्हणाला पावसात सूर चढलेले असतात, आत्ता लावून उपयोग नाही, नोव्हेंबरात बघू. फेल्टला पकडीने हलकं दाबून भोक सैल करतात म्हणे, कोणी स्वतः केलं असेल तर किती दाबायचं ते सांगा, मी सध्या एका जुन्या सुट्ट्या पट्टीवर हात बसवतोय.