चोरलच्या सागावरचा वुड मॉथ

इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात सागाच्या खोडावर हा मॉथ (पतंग) दिसला, चांगला बोटभर लांब, आणि सोबतचा मामेभाऊ लगेच "दादा, हॉक मॉथ आहे" म्हणून मोकळा झाला. मोठा, राखाडी, जाड पोटाचा मॉथ दिसला की बहुतेक जण हेच म्हणतात, पण अरे बसायची ढब तर बघा, हॉक मॉथ पंख बाजूला पसरून त्रिकोण करून बसतो आणि ह्याने कौलारू छपरासारखे अंगावर उतरते घेतले होते, वर पोटाचं टोक पंखांच्या बाहेर. हा वुड मॉथ, कॉसिडी कुळातला.

मग मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून डोक्यावरच्या अँटेना (स्पर्शिका) बघितल्या. मुळापासून अर्ध्यापर्यंत पिसासारख्या, दोन्हीकडे बारीक दाते, आणि पुढे एकदम साधा दोरा! कॉसिडीमधल्या झ्यूझेरिनी उपकुळातल्या नराची ही खूण. हॉक मॉथला असते तशी गुंडाळलेली सोंडही नाही, कारण हे मोठे झाल्यावर काही खातच नाहीत, अळी असताना लाकडात राहून जे साठवलं त्यावरच निभावतात.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते खोडावर हातभर खाली. एक गोल भोक, आणि त्यातून कोषाची तपकिरी रिकामी साल अर्धी बाहेर लटकलेली. तिच्या वलयांवर बोट फिरवलं तर बारीक काटे लागले, त्या काट्यांच्या जोरावर कोष आतून सरकत भोकाच्या तोंडाशी येतो आणि मगच मॉथ बाहेर पडतो. एवढा पुरावा समोर असताना रंगावरून कशाला ओळखायचं?

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर कोणीतरी ऑस्ट्रेलियाच्या जायंट वुड मॉथची बातमी पाठवली, 2021 मध्ये क्वीन्सलँडच्या एका शाळेत सापडला होता तो. कुळ तेच, पण तो एंडोक्सिला सिनेरियस (हे त्याचं शास्त्रीय नाव) तिकडचा, त्याची मादी 30 ग्रॅमपर्यंत भरते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी 23 सेंटीमीटरपर्यंत. आपल्याकडच्या मॉथला ते नाव चिकटवू नका प्लीज. मी उपकुळावरच थांबलो, अशा राखाडी मॉथची नेमकी जात ठरवायला बऱ्याचदा जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात आणि त्यासाठी जिवंत मॉथ मारणं मला पटत नाही.

पावसाळ्यात पातालपाणी, जानापावकडे जाणाऱ्यांनी असा मॉथ दिसला तर वरून एकच फोटो काढून निघू नका, बाजूनेही घ्या, अँटेनाचा घ्या, झाड कुठलं ते लिहा, आणि खाली भोक नि पोखरलेल्या लाकडाचा भुसा आहे का तेही बघा.