चारही सेल ३.२९, तरी सारखे नाहीत

शेताच्या तारेच्या कुंपणाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनची जुनी ॲसिडची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात बसली. आमचं शेत घाटंजी तालुक्यात, जंगलाला लागून. मृगाची पेरणी तोंडावर आलेली, आणि कोवळं अंकुर दिसलं की रोही (नीलगायी) रात्रीतून ओळीच्या ओळी साफ करतात. यंदा लिथियम बॅटरी घरीच बांधायची ठरवली: ३.२ व्होल्टचे, ५० अँपिअर-अवरचे चार लिथियम फॉस्फेट सेल, एक बीएमएस (एखादा सेल जास्त भरला की चार्जिंग तोडणारं सर्किट) आणि तांब्याच्या पट्ट्या.

सेल आले, मल्टीमीटर लावलं. चारही ३.२९ व्होल्ट. मी खूश. लगेच पट्ट्या कसून सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडले, बीएमएस जोडलं, १४.६ व्होल्टचा चार्जर लावला. बॅटरी १३.७७ ला पोचली आणि बीएमएसने चार्जिंग तोडलं. एकेक सेल मोजला: ३.६६, ३.३८, ३.३६, ३.३७. एक काठोकाठ, बाकीचे तिघं अजून मागेच.

माझी चूक तिथे कळली. या सेलमध्ये चार्ज २० टक्के असो की ८०, व्होल्टेज ३.२ ते ३.३५ च्या आसपासच रेंगाळतं. म्हणजे ३.२९ पाहून सेल सारखे आहेत म्हणणं, हे कोठीचं झाकण पाहून आत ज्वारी किती ते सांगण्यासारखं. फरक दिसतो तो अगदी वर, ३.४ च्या पुढे, तिथे व्होल्टेज सरळ चढतं. म्हणून सारखं करायचं तेही वरच.

बीएमएस बॅलन्स करतंच की, म्हणजे सेल सारखे करतंच, असं मलाही वाटलं होतं. पण माझ्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपिअर. ५ अँपिअर-अवरचा फरक काढायला १०० तास, तेही सेल वर पोचल्यावरच चालू होणार. सोलरवर बॅटरी दिवसातून तासभर वर राहिली तर पाऊसकाळ संपेल.

मग पट्ट्या सोडल्या. इथे एक गंमत झाली, गंमत म्हणजे नंतर म्हणायची. पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना टेकला. फाटकन आवाज, निळी ठिणगी, आणि पान्याच्या दांडीला उंदराने कुरतडल्यासारखी खाच. एका सेलचे तीनच व्होल्ट, पण करंट शेकड्यात जातो. तेव्हापासून पान्याला टेप गुंडाळलेला असतो आणि बोटातली अंगठी देवळीत.

चारही सेल समांतर जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे सगळे एकाच व्होल्टेजला येतात. पॉवर सप्लाय (नॉबने व्होल्टेज ठरवता येणारा) सेलला लावायच्या आधीच ३.६५ वर सेट केला. डिस्प्ले ३.६५ म्हणत होता, मल्टीमीटर ३.६८. मी मल्टीमीटरचं ऐकलं आणि थोडा खाली आणला.

मे महिना, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून चार्जिंग रात्री, ओसरीच्या फरशीवर. तासाभराने करंट ५ वरून ३ अँपिअरवर आला, सेल मात्र ३.३७ वरच. हात नॉबकडे गेलाच होता. खरं कारण वायर: मी पाऊण चौरस मिलिमीटरची लांबलचक वायर लावली होती, पाव व्होल्ट तिथेच गळत होता. नॉब वाढवला असता तर शेवटी करंट कमी होताच गळतीही संपली असती आणि तो वाढवलेला व्होल्टेज पूर्णच्या पूर्ण सेलवर बसला असता. ४ चौरस मिलिमीटरची आखूड वायर लावली, करंट लगेच वर आला.

मध्येच लाईन गेली. सेलचा करंट उलट सप्लायमध्ये शिरू नये म्हणून वायर काढून ठेवली. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "अरे, चारही सारखेच तं दिसते, मंग कायले रातभर जागतं?"

"बाबा, दिसते सारखे, हायत नाही सारखे."

"मंग दुकानातूनच आणाले पायजे होती," म्हणून ते कूस बदलून झोपले.

पहाटे करंट अर्ध्या अँपिअरखाली आला, व्होल्टेज ३.६५ वर. थोडा वेळ तसंच ठेवून बंद केलं. सकाळी चारही सेल ३.६५ वरून खाली उतरलेले. धडकी भरायचं कारण नाही, चार्जिंग थांबल्यावर ते असंच खाली बसतं.

आता पट्ट्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा सिरीजमध्ये कसल्या. चार्ज लावला: १४.४ व्होल्टला सेल ३.६१, ३.६०, ३.५९, ३.६०. सोलर कंट्रोलरमध्ये ॲसिड बॅटरीसाठीचं इक्वलायझेशन बंद केलं, नाहीतर ते व्होल्टेज विनाकारण वर नेतं.

संध्याकाळी शेतात मशीन चालू केली. टक-टक सुरू झालं. बाबांनी नेहमीसारखी गवताची ओली काडी तारेला लावली आणि हात झटकून मागे सरकले.

"लागते," म्हणाले. मग दुसरी काडी शोधायला वाकले.