हात लावण्याआधी पाणी

गाडीचा रंग गडद निळा. घेतल्यापासून सहा वर्षं मी ती जवळपास रोज सकाळी पुसत आले होते. जुनं सुती फडकं घ्यायचं, झटकायचं, बॉनेटवरून गोल गोल हात फिरवायचा, मग दारं, मग डिकी. धूळ गेली की गाडी स्वच्छ झाली, असंच मी धरून चालले होते.

एका रात्री सीटखाली पडलेली वस्तू शोधायला मोबाईलचा टॉर्च लावला, आणि बाहेर येताना तो उजेड बॉनेटवर पडला. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांची वर्तुळं दिसली. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकायची. सगळ्या गाडीवर तेच. आधी वाटलं, रंगच खराब आहे. दोन-तीन दिवस वाचत बसले तेव्हा कळलं की या रेघा माझ्याच फडक्याने पाडलेल्या आहेत.

हे नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटलं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा पाडतं, मग या थराची काय कथा! कोरडं फडकं फिरवलं की ते कण पृष्ठभागावर रगडले जातात. रेघा खरं तर वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात. पण उजेडाच्या ठिपक्याला वळसा घालणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात.

तेव्हापासून एकच नियम ठेवला: माती जितकी हात न लावता निघेल तितकी आधी काढायची, आणि मगच हात लावायचा.

पहिल्या धुण्यात तरीही एक चूक झालीच. गाडी उन्हात उभी होती, बॉनेट तापलेलं. एका बाजूला हात फिरेपर्यंत दुसऱ्या बाजूचा शाम्पू वाळून गेला आणि पाण्याचे पांढरे डाग बसले. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेलं की तिथेच राहतात. पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून, फडक्याने डागावर टेकवून, लगेच भरपूर पाण्याने धुतलं तेव्हा बरेचसे गेले. आता मी गाडी सावलीतच धुते, आणि बॉनेटला तळहात लावून ते गार झाल्याची खात्री केल्याशिवाय नळ उघडत नाही.

सुरुवात चाकांपासून. चाकांवरची काळी पूड ब्रेकमधून उडालेली असते. तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि तीही ओरखडे पाडते. म्हणून चाकांची बादली, ब्रश, फडकी सगळं वेगळं. ते बॉडीला कधीच लागू द्यायचं नाही. मग छतापासून खाली नुसतं पाणी, चांगलं दहा मिनिटं. मडगार्डच्या आतल्या कडा, नंबरप्लेटच्या मागची जागा, वायपरखालची खाच, इथे माती दडून बसते. प्रेशर वॉशर असेल तर नळी हातभर लांब धरायची. फार जवळून मारलं तर सुटू लागलेला रंग आणि रबराच्या पट्ट्या उचकटतात. मग शाम्पूचा दाट फेस, म्हणजे फोम, मारून पाच मिनिटं थांबायचं, तो वाळायच्या आत पुन्हा पाणी.

आता कुठे हात लावायची वेळ. दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग पुन्हा शाम्पूत. वरून खाली, सरळ रेषेत, हाताचा भार न देता. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण रस्त्याची वाळू तिथेच जास्त. भांडी घासायचं लिक्विड मी पूर्वी सर्रास वापरायचे. ते तेलकटपणा काढण्यासाठीच केलेलं असल्यामुळे गाडीवरचं वॅक्सही काढून टाकतं. गाडीचा शाम्पू बुळबुळीत असतो आणि त्या बुळबुळीवरच उरलेले कण सरकून जातात.

धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली ओतायला गेले, तर तळाशी वाळूचा एक थर बसलेला. गाडीवर इतकं पाणी मारून, फोम मारूनही एवढी वाळू उरली होती. ती दुसरी बादली नसती तर हीच वाळू मोज्यातून परत गाडीवर गेली असती. ती बादली ओतायला माझा हातच उठेना. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

पुसताना मोठा, जाड, पाणी पटकन शोषणारा टॉवेल पसरून टेकवायचा आणि उचलायचा, घासायचं नाही.

दुसऱ्या दिवशी क्ले बार. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवली, तर सगळीकडे खरखर लागली. रंगात रुतलेली ब्रेकची पूड, झाडाचा चीक, डांबराचे ठिपके असं पाण्याने न निघणारं काय काय असतं. क्ले बार म्हणजे मळलेल्या कणकेसारखी मऊ, कृत्रिम माती. पृष्ठभागावर ओलसर लुब्रिकंट, म्हणजे घसरण आणणारा द्रव, फवारून ती हलक्या हाताने सरकवली की खरखर ओढून घेते. दोनदा फिरवून घडी घालायची, स्वच्छ बाजू वर घ्यायची. अर्ध्यावर असताना माझ्या हातून ती जमिनीवर पडली. चांगला मोठा तुकडा होता, पण जमिनीची वाळू चिकटलेली क्ले म्हणजे सँडपेपरच. टाकून दिला. तेव्हापासून तुकडे पाडूनच काम करते.

पॉलिशला मी सगळ्यात जास्त घाबरत होते आणि ती भीती योग्यच होती. पॉलिश रेघा भरत नाही; रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट किंचित झिजवून पृष्ठभाग सपाट करतं. दर वेळी थर पातळ होतो, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घेतलं. ते गोल फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता फारशी साठत नाही. दारांच्या कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, मास्किंग टेप लावली. आधी डिकीवर टेप लावून तिच्या एका बाजूला वीतभर जागा करून पाहिली, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून टॉर्च मारला. टेपच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला नुसता निळा रंग. मी बराच वेळ तिथेच उभी होते. पूर्ण गाडीला पाच तास लागले. वर कार्नौबा वॅक्सचा पातळ हात दिला. ते दोन-एक महिने टिकतं.

आतलं काम सोपं: आधी कोरडा व्हॅक्यूम, मग डॅशबोर्डला किंचित ओलं फडकं. चकाकी आणणारे स्प्रे मी बंद केले, त्यांची चमक समोरच्या काचेत उतरते आणि चालवताना डोळ्यांवर येते. काचांना फिल्म असेल तर अमोनियाचं क्लीनर आतून वापरू नये.

रोजचं पुसणं थांबलं, तेवढं घरच्यांना पटवावं लागलं. आता धूळ दिसली तरी मी तशीच ठेवते आणि दोन आठवड्यांनी धुते. पक्ष्याची विष्ठा मात्र त्याच दिवशी, ओलं फडकं वर ठेवून, मऊ झाली की उचलून काढते. ती वाळली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग कोरते.

डाव्या मागच्या दारावर एक रेघ अजून आहे. नख फिरवलं की अडकतं, म्हणजे पॉलिशने जाण्याइतकी ती उथळ नाही. आणखी एकदा मशीन फिरवून पाहावं असं खूप वाटलं. पण तिथला थर आता किती उरलाय ते मी मोजलेलं नाही, म्हणून ती राहू दिली आहे.